पाऊण लाखाचा संगणक: लग्नाचे फुटेज, रात्रीचे खेळ आणि विदर्भातला उन्हाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहून लग्ने, बारशी आणि हरिनाम सप्ताहातली कीर्तने चित्रित करणे व त्यांचे संकलन घरीच करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि माझे काम आटोपले की त्याच संगणकावर खेळायला बसणारा एक पुतण्या घरात आहे. दोघांचेही भागेल असा संगणक २०२५ च्या उन्हाळ्याआधी सुटे भाग निवडून जुळवून घेतला. मॉनिटर आणि यूपीएस वगळता त्याला सुमारे पाऊण लाख रुपये लागले. एक पूर्ण उन्हाळा, एक पावसाळा आणि त्यानंतरची लग्नसराई त्याने काढली असल्यामुळे आता त्याच्याविषयी ठामपणे लिहिता येईल. या किमतीच्या संगणकाविषयी सल्ला देणारे बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवतात. खेड्यात राहणाऱ्याने तसे करू नये, असे माझे मत आहे. कॅमेऱ्यातून कोणत्या प्रकारची फाइल निघते आणि घरात कशी वीज येते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक यादी ठरून जाते.

कॅमेरे, ड्रोन आणि मोबाइल यांतून येणारे बहुतेक चित्रण एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने आवळलेले असते. या पद्धतींत प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. मोजक्या चौकटी पूर्ण असतात आणि मधल्या चौकटींत, शेजारच्या चौकटींच्या तुलनेत काय बदलले, एवढीच नोंद असते. त्यामुळे फाइल लहान होते खरी, पण संकलनाच्या पट्टीवर, म्हणजे टाइमलाइनवर, मागेपुढे सरकताना एक चौकट दाखवण्यासाठी आजूबाजूच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. अंतरपाट दूर होण्याचा नेमका क्षण शोधताना माझा जुना संगणक अडखळत असे, तो याच कारणाने. हे उलगडण्याचे काम करणारी स्वतंत्र यंत्रणा प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात असते, मात्र तिला प्रत्येक प्रकारची फाइल समजत नाही. रंगाची माहिती कमी ठेवणारी ८-बिट ४:२:० ही साधी फाइल आजचे जवळपास सगळे भाग सहज उलगडतात, आणि माझ्या सोनी ए७ थ्रीमधून तीच निघते. मोठ्या लग्नासाठी मी ए७ फोर भाड्याने आणतो तेव्हा चित्रण १०-बिट ४:२:२ प्रकारचे येते. त्यात रंगाची माहिती जास्त असल्याने हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल नंतर सावरता येतो, पण एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या कोणत्याही कार्डात हा प्रकार उलगडण्याची सोय नाही. तिथे कार्डाची किंमत कामाला येत नाही. एच.२६५ मधले ४:२:२ चित्रण उलगडणे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला जमते. एच.२६४ मधले ४:२:२ मात्र त्यालाही जमत नाही, म्हणून भाड्याच्या कॅमेऱ्यात शक्य तिथे एक्सएव्हीसी एचएस हा सोनीचा एच.२६५ प्रकारच निवडावा लागतो.

यावरून प्रोसेसर ठरला तो इंटेलचा बाराव्या पिढीतला कोअर आय५-१२४००. जानेवारी २०२२ मध्ये आलेला, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा हा प्रोसेसर आता नवा राहिलेला नाही आणि म्हणूनच आवाक्यात आला आहे. त्याचाच १२४००एफ हा भाऊ काहीसा स्वस्त मिळतो आणि दुकानदार हटकून तोच पुढे करतात. कारण असे सांगतात की कार्ड घेताच आहात, तर अंगभूत ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे. ज्याला फक्त खेळायचे आहे त्याच्यासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. ज्याला संकलन करायचे आहे त्याने मात्र ऐकू नये, कारण ‘एफ’ लागला की अंगभूत ग्राफिक्स गेले आणि त्याच्यासोबत क्विक सिंक ही चित्रण उलगडणारी यंत्रणाही गेली. लग्नाच्या धंद्यात आजही वापरले जाणारे एडियस हे सॉफ्टवेअर फार पूर्वीपासून क्विक सिंकवर विसंबून आहे आणि प्रीमियर प्रोही त्याचा उपयोग करून घेते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चा विचार मी बराच केला. त्यालाही सहा कोअर व बारा थ्रेड आहेत, ३२ एमबी कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीमुळे) तो खेळांत चांगला चालतो आणि २०१७ पासून चालत आलेल्या एएम४ सॉकेटमुळे त्याचे मदरबोर्ड स्वस्त मिळतात. केवळ पुतण्यासाठी संगणक घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता. पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि ज्यात आहे त्या ५६००जी मध्ये कॅश निम्मी असून ४:२:२ तिथेही उलगडत नाही.

येथे एक बारीक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय चालू केल्याशिवाय ते विंडोजला दिसतच नाही, आणि ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ते परिपथ निजून राहतात. जुळवणी करणाऱ्याला हे दुकानातच करायला लावावे आणि टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही ग्राफिक्स दिसतात याची खात्री करून घ्यावी. त्याच फेरीत रॅमसाठी एक्सएमपी, म्हणजे तिला खोक्यावरच्या वेगाने चालवणारा पर्याय, चालू करवून घ्यावा, नाहीतर ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहूनही कमी वेगाने चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मदरबोर्ड बी६६० चिपसेटचा, डीडीआर४ रॅमचा घेतला. एच६१० चे बोर्ड दोन-अडीच हजारांनी स्वस्त असतात, पण त्यांत रॅमसाठी दोनच जागा असतात आणि एम.२ एसएसडीसाठी बहुधा एकच, त्यामुळे पुढे काही वाढवायचे म्हटले की आधीचे काढावे लागते.

ग्राफिक्स कार्डाची निवड कागदावर पाहिली तर उलटी वाटेल. तेव्हा माझ्यासमोर आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० अशी दोन कार्डे होती. पहिल्यात १२ जीबी मेमरी, दुसऱ्यात ८ जीबी. संकलन करणाऱ्याने जास्त मेमरीचे घ्यावे असे कोणीही सांगेल. परंतु ३०६० ला १७० वॅट लागतात आणि ४०६० ला ११५. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हा ५५ वॅटचा फरक उष्णतेच्या रूपाने अंगावर येतो, आणि वीज गेल्यावर यूपीएस किती वेळ टिकेल हेही त्यावरच अवलंबून असते. म्हणून मी ४०६० घेतले. मेमरी कमी पडते हे मान्य करायला हवे: डाविंची रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर एकावर एक परिणाम चढवले की जीपीयूची मेमरी भरल्याचा संदेश येतो आणि मग काही परिणाम आधी रेंडर करून, म्हणजे पक्क्या चित्रात उतरवून, घ्यावे लागतात. लग्नाच्या नेहमीच्या कामात ही अडचण क्वचित येते. जाहिराती किंवा गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्याला ती रोज येईल. एएमडीचे आरएक्स ६६०० खेळांच्या दृष्टीने पैशाला पुरेपूर होते, पण संकलनाच्या सॉफ्टवेअरांत एनव्हिडियाच्या कुडाला, म्हणजे कार्डाकडून गणिते करवून घेणाऱ्या यंत्रणेला, मिळणारा आधार अजून सरस आहे. ज्यांचे बजेट याहून बरेच कमी आहे त्यांनी आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती पाहावी. ती ७० वॅटवर चालते आणि तिला वेगळी वीजजोडणी लागत नाही. आणि जो आज खरेदीला निघाला असेल त्याने २०२५ च्या मध्यावर आलेली ५०५० आणि ५०६० ही कार्डे आधी पाहावीत, कारण त्या मालिकेत ४:२:२ उलगडण्याची सोय एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींसाठी आली आहे. मी खरेदी केली तेव्हा ही कार्डे असती, तर वर प्रोसेसरविषयी लिहिलेला अर्धा युक्तिवाद गळून पडला असता आणि रायझनचा मार्ग मोकळा झाला असता.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या. एकच मोठी पट्टी घेऊ नये, दोन चॅनेलचा फायदा जातो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा हात आखडता घेणाऱ्याने ८-८ च्या दोन पट्ट्यांवर सुरुवात केली तरी १०८० पी चे काम अडत नाही.

साठवणुकीचा हिशेब मात्र स्वतः करावा. ४के चित्रण १०० मेगाबिटने होते, म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी आणि तासाला ४५ जीबी. दोन तासांचे कीर्तन एका कॅमेऱ्याने घेतले तरी ९० जीबी झाले. लग्नाला तर दोन कॅमेरे आणि वर ड्रोन असतो. वेगाच्या दृष्टीने १२.५ एमबी ही साध्या हार्ड डिस्कलाही किरकोळ गोष्ट आहे, पण तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी टाइमलाइनवर चालवले की तिच्या काट्याला इकडून तिकडे धावत बसावे लागते आणि चित्र थबकते. म्हणून चालू काम १ टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर, आणि काम संपले की २ टीबीच्या हार्ड डिस्कवर, अशी विभागणी केली आहे. एसएसडी घेताना खोक्यावरच्या ३५०० एमबीच्या आकड्याला भुलू नये. क्यूएलसी प्रकारच्या स्वस्त एसएसडीची तात्पुरती जागा भरली की मोठी फाइल लिहिताना वेग कोसळतो. टीएलसी प्रकारची घ्यावी, थोडे पैसे जास्त जातात.

आता विजेकडे वळतो, कारण या संगणकाच्या निवडीत मी सर्वांत जास्त वेळ एसएमपीएसवर, म्हणजे भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घालवला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. तालुक्याच्या ठिकाणी कॅबिनेटसोबत जो ‘४५० वॅट’चा एसएमपीएस जवळजवळ फुकट मिळतो, तो हातात घेतला तरी त्याच्या वजनावरून कल्पना यावी. माझ्या संगणकाची गरज फार मोठी नाही: कार्डाचे ११५ वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७ आणि बाकी सगळे मिळून पन्नास-साठ, म्हणजे एकूण ३०० च्या आत. तेव्हा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा एसएमपीएस पुरेसा होता. खरी निवड वॅटवर नव्हतीच. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेल्या तक्त्यात ‘इनपुट’ अशी एक ओळ असते. काही ब्राँझ एसएमपीएसवर तिथे २०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते आणि काहींवर १०० ते २४०. शहरातल्या ग्राहकाला या ओळीचे महत्त्व नाही. आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरलेले मी मीटरवर पाहिले आहे, आणि अशा वेळी पहिल्या प्रकारचा एसएमपीएस रेंडर चालू असतानाच संगणक बंद पाडू शकतो. दुसऱ्या प्रकारचा कुरकुर न करता चालतो. दुकानात दोन्ही खोके शेजारी ठेवलेले होते, किंमतीत फरक चार-पाचशे रुपयांचा होता आणि विक्रेत्यालाही ती ओळ आधी ठाऊक नव्हती.

अर्थिंगचा विषय संगणकाच्या परीक्षणात बसत नाही असे कोणाला वाटेल, पण कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार मी कित्येक घरांत ऐकली आहे. दोष बहुधा संगणकाचा नसतो. एसएमपीएसमधल्या गाळणीतली कपॅसिटरे अर्थच्या तारेला जोडलेली असतात, आणि ती तार पुढे जमिनीत कुठेच जात नसेल तर वीजदाबाच्या जवळपास निम्मा दाब पत्र्यावर राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला इजा होत नाही, मात्र एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर चालू स्थितीत लावताना पोर्ट जाण्याचा धोका असतो. अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घालून केलेली अर्थिंग ही या संगणकातली सर्वांत स्वस्त सुधारणा ठरली.

यूपीएस ६०० व्हीएचा घेऊ नये. त्याची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. रेंडर चालू असताना संगणक आणि मॉनिटर मिळून त्याला काठावर आणतात, आणि लाइन गेल्याबरोबर तोही शिटी वाजवून मान टाकतो. १००० व्हीएच्या वर, व्होल्टेज सांभाळणारा लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा घ्यावा. त्याची बॅटरी मात्र विदर्भात लवकर जाते याची तयारी ठेवावी: शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना निम्मे होते असा सर्वमान्य ठोकताळा आहे आणि आमच्या खोलीत उन्हाळाभर दुपारचे तापमान चाळिशीखाली येत नाही.

तापमानाचे गणित सरळ आहे. पंखा भागांना खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ८७ वर जाणार. इंटेलसोबत मिळणारा छोटा कूलर हे काम निभावतो, पण त्याच्या आवाजात कीर्तनाचा ध्वनी सुधारणे अशक्य होते, म्हणून दोन हजारांच्या आतला उभा एअर कूलर बसवला. कॅबिनेट समोरून जाळीचे घेतले. समोर काच असलेली, आत रंगीबेरंगी दिवे दिसणारी कॅबिनेटे पुतण्याला हवी होती आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी जाळी आणि एक दिव्यांचा पंखा यावर तह झाला. जाळीमागे काढून धुता येणारी गाळणी असणे आवश्यक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात साठवलेल्या कापसाचे बारीक तंतू उडून या गाळणीवर असे बसतात की आठवड्याभरात तिच्यावर पांढरट नमद्यासारखा थर तयार होतो. नखाने कोपरा उचलला की तो अखंड सोलून निघतो. गाळणी नसती तर तोच थर कार्डाच्या पंख्यांमागच्या पात्यांत बसला असता. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर लावणे भागच असते, पण संगणक त्याच्या झोतात ठेवू नये. ओलसर हवेने धूळ भागांना चिकटते आणि आमच्या जड पाण्याचा शिंतोडा कुठे उडाला तर वाळल्यावर क्षाराचा डाग राहतो. आमचा संगणक कूलरच्या बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंच स्टुलावर आहे.

सुटे भाग अमरावतीच्या एका दुकानातून घेतले. दुकानाविषयी तक्रार नाही. त्यांनी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून दिला आणि सगळे जुळवून, तासभर ताण देऊन, तापमान दाखवून मगच खोके बांधले. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्चे बिल घेण्याचा मोह अनेकांना होतो. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कार्ड यांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सेवाकेंद्र नागपूरला असते. कच्च्या बिलावर तिथपर्यंत एसटीने जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यात अर्थ नाही. त्याआधी जवळच्याच एका दुकानात मला ‘आय७, १६ जीबी, एसएसडी’ असा संगणक अगदी पंधरा हजारांत दाखवला गेला होता. कितव्या पिढीचा असे विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागला. तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा निघाला. त्यात एच.२६५ उलगडण्याची कसलीही सोय नाही, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळेच्या कामाला तो चालेल, मोबाइलवरचे चित्रणही त्याच्यावर नीट कापता येणार नाही. तीच गोष्ट क्रिप्टोच्या खाणकामातून बाहेर पडलेल्या जुन्या आरएक्स ५८० कार्डांची: सहा-सात हजारांना मिळतात, १८५ वॅट खातात आणि पूर्वी किती तास राबली याचा पत्ता नसतो.

खेळांच्या बाबतीत पुतण्याचे मत माझ्यापेक्षा अधिकारवाणीचे आहे आणि ते अनुकूल आहे. १०८० पी वर व्हॅलोरंटसारखे हलके खेळ मॉनिटरच्या क्षमतेच्या पलीकडे धावतात, फोर्झा होरायझन ५ उच्च दर्जावर गुळगुळीत चालतो आणि सायबरपंक २०७७ ला डीएलएसएसची, म्हणजे लहान चित्र मोठे करून वेग वाढवणाऱ्या सोयीची, मदत घ्यावी लागते. त्याची खरी अडचण कार्डाची नसून इंटरनेटची आहे: शंभर जीबीचा खेळ गावातल्या मोबाइल नेटवर्कवर उतरवणे शक्य नसल्याने तो अमरावतीच्या मित्राकडून स्टीमचा बॅकअप बाहेरच्या एसएसडीवर भरून आणतो आणि इथे फक्त शेवटचे अपडेट उतरवतो.

मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनेलचा आणि १०० हर्ट्झचा घेतला. पुतण्याला १६५ हर्ट्झचा हवा होता, पण त्याच किमतीत रंग बरे दाखवणारा पडदा मला महत्त्वाचा वाटला. रंग मोजून जुळवण्याचे यंत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे प्रत्येक लग्नाची पहिली पाच मिनिटे पेन ड्राइव्हवर घेऊन घरातल्या टीव्हीवर पाहतो, चेहरे तांबूस वाटले तर परत येऊन तो तांबूसपणा कमी करतो, आणि मगच पूर्ण फाइल रेंडरला लावतो.